तिसरी वही

लालबागला एक मसाल्याचे व्यापारी होते. सगळे त्यांना शेठ म्हणत. दुकान जुने, गिऱ्हाईक बांधलेले. शिमगा झाला की मेअखेरपर्यंत दुकानापुढे बायकांची रीघ लागे. कुणी बेडगी मिरची निवडून घेई, कुणी संकेश्वरी, कुणी लवंगी. धणे, दगडफूल, नागकेशर, त्रिफळ असा एकेक जिन्नस तोलून घेतला जाई, भाजला जाई आणि मागच्या कांडपयंत्रावर कुटून वर्षाचा मसाला तयार होई. गल्लीत नवा माणूस आला तर आधी त्याला ठसका लागे, मग दुकान दिसे.

शेठ दिलदार होते. गणपतीत मंडळाच्या महाप्रसादाचा तांदूळ त्यांचा. जूनमध्ये पोरांना वह्या त्यांच्या. उन्हाळ्यात नाक्यावरची पाणपोई त्यांची. दारात आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नसे.

दुकानात दोन वह्या होत्या. एक पक्की. ती दिवाणजी लिहीत. दुसरी कच्ची. ती शेठ स्वतः लिहीत आणि रात्री कपाटात कुलूप लावून ठेवत. जो बिल मागे त्याला पक्के बिल मिळे. जो मागत नसे त्याला कागदाच्या चिठोऱ्यावर बेरीज मिळे आणि ती विक्री कच्च्या वहीत जाई. पक्क्या वहीवर कर भरला जाई. कच्च्या वहीवर काहीच नाही.

दिवाणजी गिरगावात, ठाकूरद्वारला राहत. शेठच्या आईच्या वेळेपासून ते दुकानात होते. सकाळी चर्नी रोडला गाडीत बसत, लोअर परळला उतरत आणि करी रोडवरून चालत लालबागला येत. कमी बोलत. अक्षर मोत्यासारखे होते.

एका मार्चअखेरीला दुकान बंद करताना दिवाणजी म्हणाले, “शेठ, एक हिशेब काढलाय. रागावू नका.”

“सांगा.”

“तुमची ती वही मी पाहिलेली नाही. पण मिरचीची किती पोती आत आली आणि माझ्या वहीत किती विकली गेली, एवढं मला कळतं. मधल्या मालाची विक्री पक्क्यात धरली असती, तर आयकर आणि जीएसटी मिळून 11 लाख रुपये भरावे लागले असते.”

शेठ रागावले नाहीत. गल्ल्याचे कुलूप लावता लावता ते म्हणाले, “दिवाणजी, हे पैसे मी उधळतो का? व्यसन नाही, जुगार नाही. सरकारी तिजोरीत गेलेला रुपया कुठं जातो, कुणाला दिसतो? माझ्या हातानं दिलेला रुपया मला दिसतो. तुमच्या गिरगावातलीच गोष्ट घ्या. 1838 साली इंग्रजांनी गुरं चारण्यावर कर बसवला. गरिबांना तो परवडेना, गुरं उपाशी राहायला लागली. तेव्हा जमशेटजी जीजीभाईंनी पदरचे 20,000 रुपये घालून ठाकूरद्वाराजवळ गवताची जमीन विकत घेतली आणि तिथं सगळ्यांची गुरं फुकट चरू दिली. त्या चरणीवरनंच चर्नी रोड नाव पडलं म्हणतात. तुम्हीच मला लहानपणी सांगितलंत ना?”

“सांगितलं खरं,” दिवाणजी म्हणाले.

“मग मीही तेच करतो. ते 11 लाख घरी नेत नाही. एका पेटीत ठेवतो. वर्षभर त्यातली पै न पै लोकांसाठी. सरकार जे करतं, ते या गल्लीपुरतं मी माझ्या हातानं करून दाखवतो. तुम्ही हिशेब लिहा. वर्षाच्या शेवटी बघू.”

दिवाणजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिहितो. पण एक अट. दिलेलं लिहीन, तसं न दिलेलंही लिहीन.”

शेठ हसले. “लिहा.”

गुढीपाडव्याला दिवाणजींनी लाल पुठ्ठ्याची नवी वही आणली. पहिल्या पानावर श्री काढला. अशी दुकानात तिसरी वही आली.

सगळ्यात आधी एक मावशी आली. ती दुकानातच मिरच्यांची देठे खुडायला यायची. शेठपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. मुलगा आणि सून गेलेली, घरात ती आणि नात. नातीच्या अंगावर सूज आली होती. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा आजार सांगितला होता. शेठने पेटी उघडली आणि मोजून 15,000 रुपये तिच्या हातात ठेवले. मावशी वाकली आणि तिने शेठच्या पायांना हात लावला.

“अहो मावशी, हे काय? तुम्ही मोठ्या,” शेठ मागे सरकत म्हणाले. पण त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

दिवाणजींनी लिहिले: मावशीच्या नातीचे औषधपाणी, 15,000.

पेटीची बातमी गल्लीत पसरली. मे महिन्यात दुकानापुढे दोन रांगा दिसू लागल्या. एक मसाल्याची, दुसरी पेटीची. कुणाला कॉलेजची फी हवी होती, कुणाला भाड्याची थकबाकी भरायची होती, कुणाला गावी घरावर पत्रे घालायचे होते. शेठ प्रत्येकाचे ऐकून घेत. हळूहळू ते विचारू लागले: खरे कशावरून? मग लोक कागद आणू लागले, फोटो आणू लागले. एक बाई म्हणाली, “शेजारणीला देऊ नका शेठ, तिचा नवरा पितो.” दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन म्हणाली, “तिचं ऐकू नका, तिचा भाऊ दुबईला आहे.” शेठला कोणाचे खरे ते कळेना. जो ओळखीचा, त्याला लवकर मिळे. जो गोड बोले, त्याला जास्त मिळे.

परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणारा एक तरुण दोन दिवस रांगेत उभा होता. बापाला कॅन्सर होता. गाव लांबचे, भाषा वेगळी. त्याच्याबद्दल सांगणारे गल्लीत कुणीच नव्हते. शेठ म्हणाले, “उद्या बघू.” तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

दिवाणजींनी लिहिले: एक मुलगा. नाव माहीत नाही. ओळख नाही म्हणून दिले नाही.

जुलै आला. हिंदमाता चौकापासून पाणी तुंबत तुंबत लालबागपर्यंत आले. दोन वर्षांपूर्वी शेठच्या गोदामात धण्याची पोती भिजली होती. या वेळी त्यांनी ठरवले की गटाराचे कामही पेटीतूनच करायचे. माणसे लावली, दुकानापुढचे गटार या टोकापासून त्या टोकापर्यंत उपसून घेतले. चाळीस हजार गेले. चारच दिवसांनी मोठा पाऊस झाला आणि पाणी पुन्हा गुडघाभर चढले.

शेठने गटार उपसणाऱ्या मुकादमाला बोलावले. “काम नीट झालं नाही का?”

“काम चोख झालंय शेठ,” मुकादम म्हणाला. “पण तुमच्या दारचं पाणी तुमच्या दारात संपत नाही. इथनं ते मोठ्या नाल्याला जातं, नाल्यातनं पार रे रोडला. भरती असली की समुद्र पाणी आत घेत नाही, तेव्हा तिथं ब्रिटानिया उदंचन केंद्राचे पंप चालू करून ते उपसून टाकावं लागतं. सेकंदाला हजारो लिटर. तो पंप तुम्ही एकट्यानं कसा चालवणार?”

दिवाणजींनी लिहिले: गटार, 40,000. पाणी गुडघाभर.

त्याच्याच खाली त्यांनी एक रिकामी जागा सोडली आणि बारीक अक्षरात मांडले: रात्रपाळीच्या परिचारिकेचा पगार मागायला कुणी आले नाही. शंभर किलोमीटरवरून येणाऱ्या भातसा धरणाच्या पाण्यासाठी कुणी आले नाही. बाळांच्या लसी थंड ठेवायला कुणी काही मागितले नाही. पहाटे रस्ता झाडणाऱ्यासाठी कुणी आले नाही.

गणपती झाले. दसरा झाला. पेटी हलकी होत चालली.

मावशी मधून मधून येत होती. नातीचा आजार उलटणारा होता. सूज उतरे आणि महिन्याभरात पुन्हा येई. दुसऱ्यांदा आली तेव्हा तिने शेठला देवमाणूस म्हटले. तिसऱ्यांदा नातीला घेऊन आली आणि तिलाही पाया पडायला लावले. मग ती कुणी न सांगता सकाळी शेठच्या घरी जाऊन दारापुढचा जिना झाडू लागली. शेठच्या बायकोने दोनदा नको म्हटले. मावशीने ऐकले नाही. दुकानात पूर्वी ती मोठ्याने बोलायची, इतर बायकांना हसवायची, चहाला उशीर झाला तर शेठलाही सुनवायची. आता ती मान खाली घालून देठे खुडत बसे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी ती पुन्हा पेटीपुढे उभी राहिली. शेठने झाकण उघडले. आत काही नव्हते.

“मावशी, पेटी संपली,” ते म्हणाले. “आता पाडव्यानंतर.”

मावशी काही बोलली नाही. हात जोडले आणि निघून गेली.

शेठने मागून हाक मारली, खिशातले पैसे काढले, पण ती गर्दीत दिसेनाशी झाली होती. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. सकाळी ते दिवाणजींना घेऊन मावशीच्या चाळीत गेले. शेजारच्या बाईने सांगितले, “पहाटेच नातीला घेऊन केईएम रुग्णालयात गेलीय.”

दोघे परळला केईएममध्ये गेले. शेठ खूप वर्षांनी तिथे पाऊल टाकत होते. आवार माणसांनी भरले होते. कोकणातले, घाटावरचे, मराठवाड्यातले, बिहारचे. कुणी चटईवर बसले होते, कुणी भिंतीला टेकून डबा खात होते. केसपेपरच्या खिडकीपुढे लांब रांग होती. त्या रांगेत पुढून पाचवी मावशी उभी होती. कडेवर नात.

शेठ हाक मारणार, एवढ्यात एक माणूस बाजूने आला आणि रांग सोडून थेट खिडकीत हात घालू लागला. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, हातात दोन मोबाइल.

“ओ दादा!” मावशीचा आवाज खणखणीत आला. “मागं जा. रांग तिकडनं सुरू होते.”

“दोन मिनिटांचं काम आहे, मावशी.”

“माझंही दोनच मिनिटांचं आहे. मी पहाटे पाचपासनं उभी आहे. मागं जा.”

रांगेतली माणसे तिच्या बाजूने बोलू लागली. तो माणूस मागे गेला. मावशीची पाळी आली. खिडकीतल्या बाईने नाव विचारले, वय विचारले, कागद दिला. मावशीने तो उलटून बघितला. “कुठल्या खोलीत जायचं ते नीट सांगा. मागच्या वेळी मी दोन जिने चुकले.” खिडकीतल्या बाईने नीट सांगितले. मावशी वळली. पाठ सरळ, मान ताठ, पावले भराभर.

वळताना तिची नजर शेठवर पडली. तत्क्षणी तिची पाठ वाकली. कडेवरच्या पोरीला सावरत तिने हात जोडायला सुरुवात केली. “शेठ, तुम्ही कशाला त्रास घेतलात?”

शेठच्या तोंडून शब्द फुटला नाही. “पोरीला दाखवून घ्या,” एवढेच ते म्हणाले. मावशी आत गेली.

शेठ आवारातल्या एका कट्ट्यावर बसले. दिवाणजी शेजारी बसले. बराच वेळ कुणी बोलले नाही.

“दिवाणजी,” शेठ म्हणाले, “मी तिला वर्षात 70,000 रुपये दिले. इथं तिला कुणी ओळखतही नाही. तरी इथं ती ताठ उभी होती. मला बघितलं आणि वाकली.”

दिवाणजी म्हणाले, “इथं ती हक्कानं आलीय.”

“पण ही इमारतही कुणाच्या तरी दानाचीच ना?”

“दान आहे. गोरधनदास सुंदरदास शेठजींच्या पैशातून इथलं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, त्यांचंच नाव त्याला आहे. शिकवणारे डॉक्टर भारतीय असले पाहिजेत, अशी त्या दानाला अट होती. इंग्रजांच्या काळात अशी अट घालायला छाती लागते. त्यांचं मोठेपण कुणी नाकारू नये. रुग्णालय सुरू झालं 1926 साली. पण शेठ, त्या दिवसापासून आजवर रोजचा कापूस, रोजचा ऑक्सिजन, रोजचे पगार कुणी दिले? महापालिकेच्या तिजोरीनं. जमशेटजींचंही तेच. त्यांच्या पत्नीच्या पैशांतून 1845 साली माहीमचा पूल झाला. पण पुढं त्याची डागडुजी कुणी केली? आणि चरणीवरचं गवत आज कुठं आहे? दान एकदा उभं करतं. ते रोज चालवायचं म्हणजे सगळ्यांचा पैसा लागतो.”

“तो पैसा केईएमला माझ्या दुकानातनं कसा येणार?”

“पूर्वी शहरात माल आला की नाक्यावर जकात भरावी लागे. महापालिकेचं ते मोठं उत्पन्न होतं. 2017 च्या 1 जुलैला जीएसटी आला आणि जकात गेली. तिच्या बदल्यात राज्य सरकार दर महिन्याला महापालिकेला भरपाई देतं. तुम्ही चिठोऱ्यावर मसाला विकता, तेव्हा शंभराला 5 रुपये सरकारात पोचत नाहीत. म्हणजे थोडे इथंही पोचत नाहीत.”

शेठ गप्प झाले. दिवाणजी पुढे म्हणाले, “आणि मावशी इथं फुकट आलेली नाही. ती साबणाची वडी घेते, चपला घेते, मोबाइलचा रिचार्ज मारते, प्रत्येक वेळी कर भरते. तिला कच्ची वही ठेवता येत नाही. तिच्याजवळ जे थोडं आहे, त्यातला वाटा ती दुकानातच देऊन येते.”

“म्हणजे ती भरते आणि मी भरत नाही.”

दिवाणजींनी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. त्यांनी पोयबावडीच्या दिशेला हात केला. “इथून जवळच बीआयटी चाळीत बाबासाहेब आंबेडकर कितीतरी वर्षं राहिले. कोलंबिया विद्यापीठासाठी त्यांनी सरकारी महसुलाच्या विषयावरच प्रबंध लिहिला होता. 1927 साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले आणि पहिल्याच अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी विचारलं की ज्याला उत्पन्न नाही त्याला आयकर नाही, मग गरीब शेतकऱ्याला पीक बुडालं तरी शेतसारा का? ओझं ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणं असावं, हे त्यांचं म्हणणं. ऐपत असलेल्यानं खांदा काढून घेतला की ओझं नाहीसं होत नाही. ते बाजूच्याच्या खांद्यावर जातं.”

ऊन वर आले होते. शेठने रुमालाने कपाळ पुसले.

“शेठ, तुम्हाला 1982 आठवतं?”

शेठने मान हलवली. त्या वर्षी 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. 2.5 लाख कामगार घरी बसले. त्यांत शेठचे वडीलही होते. शेठ तेव्हा तिसरीत होते.

“वडिलांचा पगार थांबला,” दिवाणजी म्हणाले. “आई वरळीच्या, नायगावच्या चाळींत डोक्यावर मसाल्याची पाटी घेऊन फिरायची. तुम्ही महापालिकेच्या शाळेत जात होता. फी नव्हती. तुमची धाकटी बहीण त्याच वर्षी महापालिकेच्या प्रसूतिगृहात झाली. तिच्या लसी तिथंच झाल्या. मी तुमच्या आईला एकदा म्हटलं, एखाद्या धनिकाकडे शब्द टाकू का? ती म्हणाली, कशाला? पोरगा शाळेत जातोय, पोरीला टोचून आणलंय, नळाला पाणी आहे. माझा मसाला विकला जाईल. मी कुणापुढं वाकणार नाही.”

शेठ जमिनीकडे बघत होते.

“त्या शाळेचा खर्च ज्यांनी भरलेल्या करातून, जकातीतून झाला, त्यांच्यापैकी एकालाही तुमचं नाव ठाऊक नव्हतं. तुमचा चेहरा त्यांनी बघितला नाही. तुम्ही खरे की खोटे, बाप पितो की नाही, कुणी विचारलं नाही. म्हणून तुमची आई ताठ राहिली. ती ताठ राहिली म्हणून दुकान उभं राहिलं.”

शेठ उठले. दुकानात आल्यावर त्यांनी कपाटाचे कुलूप काढले, कच्ची वही बाहेर आणली आणि दिवाणजींपुढे ठेवली. “ही पक्कीत उतरवा. एकही ओळ सोडू नका.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी हिशेब तपासनीसांना बोलावले. आयकरात राहून गेलेले उत्पन्न नंतर दाखवायचे असेल, तर 2022 पासून अद्ययावत विवरणपत्राची सोय झाली आहे. त्यासाठी जादा कर आणि व्याज भरावे लागते. शेठने तो रस्ता धरला. जीएसटीचे राहिलेले पैसेही व्याजासकट भरले. पेटीतले 11 लाख वाटून झाले होते. आता पुन्हा 11 लाख आणि वर दंडासारखी ती भर. दादरला जागा घेण्यासाठी शेठने पैसे साठवले होते. ते यात गेले. घरच्यांना वाईट वाटले. शेठ म्हणाले, “जागा आपली होती असं आपण धरून चाललो होतो. तेवढे पैसे आपले नव्हतेच.”

त्या दिवसापासून दुकानात प्रत्येकाला पक्के बिल मिळू लागले, मागितले तरी आणि न मागितले तरी. काही गिऱ्हाइकांनी नाक मुरडले. पलीकडच्या दुकानात बिलाशिवाय स्वस्त मिळते, म्हणून काही जणी तिकडे गेल्या. त्या मोसमात विक्री घटली. शेठने मिरची आणखी पारखून आणायला सुरुवात केली. दुसऱ्या मोसमात बऱ्याच जणी परत आल्या, काही आल्या नाहीत.

दान त्यांनी सोडले नाही. महाप्रसादाचा तांदूळ दरवर्षी गेला. पाणपोई चालू राहिली. आधी कर, मग दान, एवढा क्रम बदलला. आणखी एक गोष्ट बदलली. गल्लीच्या तोंडाशी एका गटाराचे झाकण फुटले होते. पूर्वी शेठ अशा गोष्टी बघून पुढे जात. आता त्यांनी लेखी अर्ज केला, पोच घेतली, महिन्याने पुन्हा गेले, त्यानंतर पुन्हा गेले. साहेबांसमोर बसून विचारले, “आम्ही भरलेल्या पैशाचं काय झालं?” हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा दबला नाही. झाकण बसले.

मावशीची नात केईएमच्या औषधांनी हळूहळू सुधारली. दर पंधरा दिवसांनी मावशी तिला घेऊन जाई, रांगेत उभी राही, औषध घेऊन येई. शेठच्या घरचा जिना झाडायला ती येईनाशी झाली. शेठच्या बायकोला ते फार बरे वाटले.

पुढच्या शिमग्यानंतर मिरच्यांची पोती आली. बायका देठे खुडायला बसल्या. मावशी पहिल्याच दिवशी गल्ल्यापुढे येऊन उभी राहिली. कमरेवर हात होता.

“शेठ, देठं खुडायचा भाव तीन वर्षं तोच आहे. तेल महागलं, भाडं वाढलं. किलोमागे वाढवून पाहिजे. सगळ्या जणींना.”

शेठने दिवाणजींकडे बघितले. दिवाणजी पक्क्या वहीत मान घालून लिहीत होते. शेठ म्हणाले, “बरोबर आहे तुमचं, मावशी. वाढवू.”

“आणि चहा वेळेवर,” मावशी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. तिने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितले आणि सगळ्या बायका हसल्या.

शेठने पेटी पुन्हा भरली नाही. तिसरी वही मात्र जपून ठेवली. नवा पोऱ्या दुकानात हिशेब शिकायला आला की दिवाणजी त्याला आधी ती वाचायला देत.

आपल्या हाताने दिल्याचा आनंद खरा असतो, आणि दान करणारी माणसे नसती तर ही मुंबई उभी राहिली नसती. पण दान देणारा माणूस निवडतो. ओळखीचा, समोर आलेला, पाया पडणारा त्याला दिसतो. लांबच्या गावाहून आलेला, भाषा न येणारा, न बोलणारा राहून जातो. कर निवडत नाही. त्यातून जे उभे राहते त्यावर भरणाऱ्याचे नाव नसते, म्हणून घेणाऱ्याला कुणाचे उपकार वाहावे लागत नाहीत. तिजोरीतला पैसा कुणी वाया घालवत असेल, तर तो प्रश्न जोरात विचारलाच पाहिजे. ज्याने आपला वाटा पुरता भरला आहे, त्याला तो मान वर करून विचारता येतो.

ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्यापर्यंत ते रस्त्यावरून, नळातून, शाळेतून, हजारो अनोळखी माणसांच्या कष्टांतून आलेले असते. त्यातला ऐपतीएवढा वाटा पुरता भरून मग जे उरेल, तेवढीच आपली श्रीमंती. अशा श्रीमंत माणसाच्या गावात गरिबाला वाकावे लागत नाही.